भांड्यांवरची नावं

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचा बंगळुरूहून फोन आला. तिला तिथं नोकरी लागून चारेक महिने झालेत. एका मैत्रिणीबरोबर भाड्यानं फ्लॅट घेतलाय. म्हणाली, ‘‘आजी, बाहेरचं खाऊन कंटाळा आलाय. आम्ही घरीच करायचं ठरवलंय. पण मला काही येत नाही आणि घरात चहाचा चमचासुद्धा नाही. काय काय घेऊ? यादी सांग ना.’’

मी कागद घेतला, ‘तवा’ असं लिहिलं आणि थांबले. तीस-बत्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागून गेलीय. कुणी प्रश्न विचारला की उत्तराआधी मनात येतं, हा प्रश्न माणसं कधीपासून विचारायला लागली असतील? ‘पहिलं स्वयंपाकघर लावायचंय, काय घेऊ?’ हा प्रश्न माझ्या आजीनं तिच्या जन्मात कुणाला विचारला नव्हता. माझ्या आईनंही नाही. आमच्या घराण्यात तो पहिल्यांदा विचारला मी, १९७६ साली. म्हणजे हा प्रश्न आमच्याकडे पुरता पन्नास वर्षांचा. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझी आजी दहाव्या वर्षी लग्न होऊन वाईच्या वाड्यात आली, तेव्हा स्वयंपाकघर तिथं होतंच. चूल होती, तिला जोडून वैल होता. जातं, उखळ, पाटा-वरवंटा होता. फडताळात भांडी होती. स्वयंपाकघर जुनंच होतं, नवी फक्त ती होती. आणि ही तऱ्हा फार पुरातन आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. त्या घरांत चुली आहेत, धान्य साठवायचे खड्डे आहेत, दळायचे-वाटायचे दगड आहेत, मातीची तोटीदार भांडी आहेत. हे वाचताना मला आजीचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. धातूची भांडी सोडली, तर इनामगावच्या बाईला वाईच्या वाड्यात स्वयंपाक करायला फारशी अडचण आली नसती. खरा बदल झाला तो गेल्या शंभर वर्षांत, आणि त्याचे पुरावे आपल्या माळ्यावर पडलेले आहेत.

हे पुरावे म्हणजे भांड्यांवर घातलेली नावं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. पूर्वी कारागीर छिन्नी-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं पाडायचा, नंतर विजेवरची यंत्रं आली. नाव घालायचं कारण साधं होतं. लग्नामुंजीला भांडी घरोघर मागायला जात. पन्नास पातेल्यांतलं आपलं कोणतं, हे कळायला खूण हवी. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो छोटा शिलालेखच असतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, सगळं त्यावर असतं.

आमच्या घरातले हे शिलालेख मी एकदा वहीत उतरवून काढले. सगळ्यात जुना तांब्याचा हंडा. त्यावर माझ्या पणजोबांचं नाव. आजीनं साठ वर्षं त्यात पाणी भरलं, पण तिचं नाव ना त्या हंड्यावर, ना दुसऱ्या कशावर. मग आईच्या रुखवतातली पितळी पातेली, पराती, डबे. त्यांवर ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे ‘मामाकडून भेट, वैशाख शु. ३, शके १८७०’ असं. शके १८७० म्हणजे १९४८. आईचं नाव आहे, पण ते सासरी बदललेलं. मामानं भाचीला भांडं देताना, जे नाव तिला अजून मिळायचं होतं, ते आधीच घालून घेतलं होतं! माझ्या १९७६च्या स्टीलच्या डब्यांवर मात्र माझं माहेरचं, माझं स्वतःचं नाव आहे. तीन पिढ्यांत बाईचं नाव भांड्यापर्यंत पोचलं, ते असं.

एक नाव मात्र मला कुठंच सापडलं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

हे हंडे-पातेली घडवणारे तांबट-कासार होते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आजही आहे. नाशिकचा भांडीबाजार, पितळेसाठी नावाजलेलं भंडारा, ही सगळी त्या धंद्याची गावं. तांब्या-पितळेचं भांडं दिसायला देखणं, पण त्याची एक कटकट होती. आतून कल्हई नसेल आणि त्यात ताक किंवा चिंच घातलेली आमटी राहिली, की पदार्थ कळकायचा. म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला यायचा. तो वडाखाली खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसायचा. पांढरा धूर उठायचा, आतून भांडं चांदीसारखं व्हायचं आणि पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र आवाज यायचा. आम्ही पोरं तासन्‌तास बघत बसायचो. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवायचं नाही, नाहीतर कल्हई निघून येते. आजीला हा आकडा ठाऊक नव्हता, पण रिकामं पातेलं चुलीवर दिसलं की ती ओरडायची.

या कटकटीतून सोडवलं स्टेनलेस स्टीलनं. इंग्लंडात शेफील्ड इथं हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादावर प्रयोग करत होते, त्यातून १९१३ साली न गंजणारं पोलाद हाती आलं. बंदुकीसाठी सुरू केलेलं काम काट्या-सुऱ्यांच्या आणि शेवटी आपल्या वाट्या-तांब्यांच्या कामी आलं. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात स्टील शिरलं ते साठ-सत्तरच्या दशकांत, आणि बऱ्याचदा बोहारणीच्या पाटीतून. जुन्या साड्या, पँटी द्यायच्या आणि घासाघीस करून एखादं पातेलं घ्यायचं. पितळेची जड भांडी मोडीत गेली. आईनं दोन घंगाळी मोडीत घातली, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आई मात्र शांत होती. ती घंगाळी चिंचेनं घासायची बाबांवर कधी वेळ आली नव्हती.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. धातूची भांडी घरात असणं हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं आणि ते केवळ पैशांवरही अवलंबून नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनाय्‌लेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची, नोव्हेंबर १९३५ची हकीकत दिली आहे. बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य बायका पाण्याला धातूची भांडी घेऊन जायला लागल्या. हा आपला अपमान आहे असं समजून सवर्णांनी त्या बायकांवर हल्ला केला. पैसे देऊन घेतलेलं भांडं डोक्यावर घेऊन रस्त्यानं चालायचं, एवढाच गुन्हा! माझ्या आईच्या रुखवतात पितळेची चळत मांडली गेली, त्याच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट. घरातल्या भांड्यांकडे कौतुकानं बघताना हे विसरता येत नाही. गरिबाघरी पुढे आली ती अ‍ॅल्युमिनियमची भांडी, त्यांना आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणत. एक तवा, एक काठवट, जर्मनची दोन पातेली. लाखो संसार एवढ्यावर झाले.

आता तुम्ही म्हणाल, गावाहून मुंबईला एकटे आलेले पुरुष काय करत? त्यांनी पहिलं स्वयंपाकघर लावलंच असेल की! तर नाही. गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा कामगार पाळीपाळीनं झोपत आणि जेवायला खाणावळीत जात. ही खाणावळ म्हणजे शेजारच्याच खोलीतली एखादी बाई. ती वीस-वीस जणांचे डबे आणि जेवणं करायची. किराणा उधारीवर, उधारी सावकाराच्या व्याजावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केलं आणि या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं त्यांचं काम हे ‘काम’ आहे, अशी नोंद झाली. शहरात पुरुष आला की त्याला खाणावळ मिळे. बाई आली की तिला शेगडी मिळे.

मला मिळाला स्टोव्ह. जून १९७६मध्ये लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. दीड खोली, त्यातली अर्धी म्हणजे स्वयंपाकघर. मी एम. ए. झालेली. मोडी वाचता येत होती, वरण करता येत नव्हतं. सासूबाई गावी, आई वाईला, जवळ कुणी नाही. शिक्षणामुळे, नोकरीमुळे, शहरातल्या सुट्या संसारामुळे त्या वीस-पंचवीस वर्षांत माझ्यासारख्या हजारो मुली अशा एकेकट्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. चारचौघीत हात मारता मारता शिकायची सोय गेली होती. नवशिकी गृहिणी म्हणतात ती ही. अशा मुलींसाठीच कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं होतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, पण ते शेर-तोळ्यांच्या जमान्यातलं. ‘रुचिरा’नं मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. घरात तराजू नको, अनुभव नको, एक वाटी असली की झालं. माझ्यासारखीला हा केवढा दिलासा होता!

लग्नाआधी मी यादी मागितली ती आत्याआजीकडे. ती माझ्या वडिलांची आत्या. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि माहेरी परत. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम सुरू केला होता, पुण्याहून वाई काही फार लांब नाही. पण तिला तिकडं धाडावं असं घरात कुणाला वाटलं नाही. कारण घरात स्वयंपाकाला माणूस हवं होतं. पुढची साठ वर्षं आलवणातल्या आत्याआजीनं त्या वाड्यात रोजची वीस-पंचवीस पानं वाढली.

तिनं बोटांवर मोजत यादी सांगितली : ‘‘सांडशी, उलथनं, पळी, झारा, तवा, परात, पोळपाट-लाटणं, दोन पातेली, वर झाकण्या, कढई, विळी, खलबत्ता, मिसळणाचा डबा, गाळणी. बाकीचं हळूहळू होतं.’’

मी विचारलं, ‘‘सांडशी आधी का?’’

ती म्हणाली, ‘‘अगं, नव्या बाईचे हात पहिल्याच दिवशी भाजतात. शिजवायला कुणी पण शिकवतं. उतरवायचं कसं, हे कोण शिकवतंय?’’

मग तिनं आपली बोटं दाखवली. टोकं गुळगुळीत, घट्ट्यांसारखी झालेली. वाड्यात सांडशी एकच होती आणि ती चुलीशी असलेल्या जावेच्या हातात असायची. आत्याआजी आलवणाच्या पदरानं भांडी उतरवायची. तिच्या बोटांना गार-गरम फारसं कळत नव्हतं, हे त्या दिवशी मला कळलं. तोवर पंचवीस वर्षं मी तिच्या हातचं जेवत होते.

संसार मांडून द्यायला ती पंधरा दिवस डोंबिवलीला आली. मीठ किती, विचारलं की म्हणायची, ‘‘अंदाजानं.’’ शेवटी मी वही घेऊन बसले. तिनं मुठीनं तांदूळ घ्यायचे, मी ते वाटीनं मोजायचे. तिच्या तीन मुठी म्हणजे माझी एक वाटी. मोदकाची उकड, भाजणी, गोडा मसाला, सगळं असं उतरवून घेतलं. मी पुढे पुष्कळ कागदपत्रं अभ्यासली, पण ती वही माझी पहिली साधनसामग्री. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या फळीवरचे डबे ओळीत लावले, दोन पावलं मागं सरली आणि बघत राहिली. म्हणाली, ‘‘छान दिसतंय. आता कुणी हलवणार नाही ना गं?’’ मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही.

आता स्टोव्हबद्दल. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली प्रायमस काढला. रॉकेलची हवेच्या दाबानं वाफ करायची आणि ती जाळायची, अशी त्याची रचना. काजळी नाही, आच भरपूर. चुलीच्या धुरात डोळे गेलेल्या बायकांना तो वरदानच वाटला असणार. काकडा पेटवायचा, पंप मारायचा, बर्नर चोंदला की पिन घालायची. रॉकेल रेशनवर, त्याची रांग वेगळी. पण हा स्टोव्ह भडकायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली वर्तमानपत्रं काढून बघा. ‘स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू’ ही चार ओळींची बातमी पुन:पुन्हा दिसते. काही खरेच अपघात होते. पण स्टोव्ह नव्या सुनेच्याच अंगावर का भडकतो, सासूच्या, नवऱ्याच्या का नाही, असं स्त्री-संघटनांनी विचारायला सुरुवात केली. त्या रेट्यातून १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे छळाचं कलम आलं आणि १९८६ साली ३०४-ब हे हुंडाबळीचं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ही कलमं ८५ आणि ८० या आकड्यांनी आहेत. स्वयंपाकघरातल्या एका वस्तूमागं कायद्याची दोन कलमं उभी आहेत, हे स्टोव्हखेरीज दुसऱ्या कशाबद्दल म्हणता येईल, असं मला वाटत नाही. आमच्या चाळीतही अशी एक बातमी झाली. तिच्या रुखवतातली भांडी महिनाभरानं माहेरची माणसं टेम्पोत घालून घेऊन गेली. प्रत्येकावर तिचं नाव होतं.

त्यानंतर मी गॅससाठी नंबर लावला. मुंबईत पन्नासच्या दशकात बर्मा-शेलनं सिलिंडरचा गॅस आणला होता, इंडियन ऑइलच्या इण्डेनचं पहिलं कनेक्शन १९६५ साली कलकत्त्यात दिलं गेलं. पण सामान्य माणसाला वर्षानुवर्षं थांबावं लागे. ‘गॅसचा नंबर लागला’ ही पेढे वाटण्याजोगी बातमी असे. आमचा १९८३ साली लागला. तांबडं सिलिंडर दारात आलं तेव्हा सगळ्या मजल्यावरच्या बायका बघायला आल्या. गावोगावच्या गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना यायला मे २०१६ उजाडावं लागलं. तिथंही एक सिलिंडर संपलं की दुसऱ्याचे पैसे जमेपर्यंत पुन्हा चूल पेटते, हे मी आमच्या वाईकडच्या वाड्यावस्त्यांवर पाहिलंय.

गॅसच्या आधी घरात आला तो कुकर. त्याची कूळकथा मोठी गमतीची. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं दाखवलं. हाडंसुद्धा मऊ करणारं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं त्याला झडपही बसवली. आपल्याकडे कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली ‘इक्मिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, खाली कोळसे, वाफेवर सगळा स्वयंपाक. एकट्यानं राहणाऱ्याला तो फार सोयीचा. शिटीचा प्रेशर कुकर भारतात तयार व्हायला लागला तो १९५९च्या सुमारास, मुंबईत हॉकिन्सचा आणि बंगळुरूत प्रेस्टिजचा. साध्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर जात नाही, कुकरमध्ये दाबामुळे ते एकशेवीसपर्यंत चढतं. म्हणून तासाभराची तुरीची डाळ पंधरा मिनिटांत गळते. मी १९७८ साली कुकर घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात खाली पाणी घालायला विसरले. सुरक्षेची बुच्ची वितळली, मोठा आवाज झाला, आणि शेजारच्या काकू ‘‘अगं, जिवंत आहेस ना?’’ म्हणत धावत आल्या. चूक माझीच होती. पापँच्या झडपेला मी मनोमन नमस्कार केला.

मग मिक्सर. मुंबईत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, म्हणून साठच्या दशकात ‘सुमीत’ बनवला. ओल्या खोबऱ्याचं वाटण, इडलीचं पीठ सोसणारं यंत्र. पाटा-वरवंटा बाल्कनीत गेला. जातं त्याआधीच पिठाच्या गिरणीनं हटवलं होतं. जात्याबरोबर ओव्याही गेल्या असत्या, पण हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्या राहिल्या. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भोगल्यांनी १९६८ साली ‘निर्लेप’ सुरू केलं आणि थालीपीठ तव्याला चिकटायचं थांबलं. आणि सगळ्यांत मोठा बदल आला तो कडप्प्याच्या ओट्याबरोबर. हजारो वर्षं बसून होणारा स्वयंपाक बाई उभ्यानं करायला लागली. विळीची जागा सुरीनं घेतली. वाकलेली पाठ सरळ झाली, पाय मात्र दुखायला लागले!

लाटणं तेवढं जसंच्या तसं राहिलं. पण १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या लाटण्यालाही एक नवा उपयोग सापडला.

एवढी साधनं आली, तर काम कमी झालं का? काम हलकं झालं, हे नक्की. धूर गेला, दळण गेलं, कल्हई गेली. पण केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७. त्यातही पुरुषांपैकी शंभरातले सव्वीस जणच असं काही करत होते, बायकांपैकी एक्क्याऐंशी. आकडे वाचल्यावर मला आईची घंगाळी आठवली. भांड्यांचा धातू बदलला, घासणारा हात फारसा बदलला नाही.

म्हणून बंगळुरूच्या त्या दोन मुलींचा मला हेवा वाटतो. त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी आधीपासून बसलेलं नाही. काय घ्यायचं, कुठं ठेवायचं, कधी शिजवायचं आणि कधी नाही, हे त्या ठरवणार. आत्याआजीच्या ‘आता कुणी हलवणार नाही ना?’ या प्रश्नाचा अर्थ मला आता लागतो. साठ वर्षं चुलीशी राहून, डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, हे ठरवायची मुभा तिला नव्हती.

आमच्या घरच्या भांड्यांवर जे नाव मला सापडलं नाही, ते तिचंच. मी कुलवृत्तांतही पाहिला. त्यात पणजोबांची मुलं आहेत, सुना आहेत. परत आलेली मुलगी नाही.

शेवटी मी नातीला यादी पाठवली. आत्याआजीचीच, थोडी बदलून. सांडशी, उलथनं, पळी, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, परात, जाड बुडाची दोन पातेली झाकणांसह, एक कढई, तीन लिटरचा कुकर, चांगली धारदार सुरी आणि पाट, मिसळणाचा डबा, गाळणी, चार ताटं, चार वाट्या. मिक्सर दुसऱ्या पगाराला. सेट घेऊ नका, त्यातली निम्मी भांडी माळ्यावर जातात. कुकरमध्ये आधी पाणी, मग डबे. आणि सांडशी सगळ्यात आधी. ती पक्की धरते का, हे दुकानातच भरलेलं पातेलं उचलून बघा, दुकानदार काय म्हणेल याची फिकीर करू नका. मुलं जेवायला आली तर त्यांच्या हातात एक-एक सुरी द्या.

दिवाळीला ती येईल तेव्हा द्यायला मी एक स्टीलची वाटी आणली आहे. मापाची, तीन मुठींची. भांडीवाल्यानं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, ‘‘बाई, नाव काय घालायचं?’’ मी त्याला आत्याआजीचं नाव सांगितलं. माहेरचं, तिच्या वडिलांनी ठेवलेलं. त्याआधी ‘कै.’ लावू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ‘‘नको. नुसतं नाव घाला आणि पुढे लिहा, हिच्याकडून भेट.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)